टोकनावांचून गाडी नाहीं

गोंदिया हें स्थानक जुन्या पिढीच्या प्रवाशांना एका विशेष गोष्टीमुळें आठवतें. तेथें रुंद आणि अरुंद असे दोन लोहमार्ग एकमेकांना भेटत असत. १८८० ते १८८२ या काळांत नागपूरपासून राजनांदगांवपर्यंत मीटरगेज रस्ता झाला. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनें तो रस्ता आपल्याकडे घेतला आणि रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर करून तो रुंद केला. पुढें १९०३ ते १९०५ या वर्षांत गोंदियाहून नैनपूरमार्गें जबलपुरास जाणारा सातपुडा रेल्वेचा अरुंद रस्ता तयार झाला. त्याच्या रुळांमधील अंतर अवघें ७६२ मिलिमीटर होतें. गोंदिया त्या काळीं भंडारा जिल्ह्यांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. सातपुड्याचा तो अरुंद मार्गहि आतां रुंद झाला आहे.

दोन मापांचे रस्ते जेथें मिळतात तेथें एका रस्त्याचा डबा दुसऱ्या रस्त्यावर चढत नाहीं. माल हमालांकरवीं उतरवावा लागतो आणि दुसऱ्या डब्यांत भरावा लागतो. रुंद रस्त्यानें आलेली एक मोठी मालगाडी रिकामी करावयाची तर अरुंद रस्त्याच्या कित्येक गाड्या लागत. मोठ्या गाड्या एकामागून एक येऊं लागल्या तर माल आवारांत साचणार, आवार भरल्यावर मागच्या गाड्या मागच्याच स्थानकांवर अडणार, हें उघड आहे. रुंद रस्त्यावरून माल कितीहि वेगानें आला तरी पुढें तो अरुंद रस्त्याच्या बेतानेंच जावयाचा.

आज घरोघरीं जें इंटरनेट आलें आहे त्याच्या तारांमध्येंहि रात्रंदिवस हाच प्रश्न उभा असतो. तेथें मालाऐवजीं संदेशाचीं लहान लहान पुडकीं धांवतात. इंग्रजींत त्यांस पॅकेट म्हणतात. रुंद वाहिनी जेथें अरुंद वाहिनीला मिळते तेथें पुडक्यांची रांग लागते. कोणतें पुडकें कोणत्या क्षणीं सोडावें याचें गणित तेथील यंत्रास क्षणोक्षणीं करावें लागतें. हें गणित मनुष्यानें एका दिवसांत शोधलें नाहीं. त्याचा आरंभ लोहमार्गांच्या काळांत सांपडतो.

एकेरी लोहमार्गावर दोन्ही बाजूंच्या गाड्या त्याच रुळांवरून जातात. दोन स्थानकांमधील तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी असली पाहिजे, हा नियम तोंडानें सांगणें सोपें. तो पाळणें कठीण. १० सप्टेंबर १८७४ रोजीं इंग्लंडांत नॉरिच शहराजवळ थॉर्प येथें एका तारेच्या घोटाळ्यामुळें दोन गाड्या समोरासमोर एकाच रुळावर सुटल्या आणि २५ माणसें प्राणांस मुकलीं. माणसाच्या स्मरणावर आणि तारेच्या मजकुरावर विसंबून चालत नाहीं, हें त्या रात्रीं सिद्ध झालें. त्यानंतर एडवर्ड टायर या इंग्रज यंत्रज्ञानें १८७८ सालीं विजेनें जोडलेल्या दोन यंत्रांची युक्ति काढली. दोन्ही स्थानकांवर एक एक यंत्र असे. त्यांतून एक चकती बाहेर काढली कीं ती पुन्हां कोणत्या तरी एका यंत्रांत पडेपर्यंत दुसरी चकती दोन्हींपैकीं कोठूनहि निघत नसे. ती चकती हातीं असल्यावांचून गाडीवाल्यानें गाडी हलवावयाची नाहीं. हिंदुस्थानांतील कित्येक एकेरी मार्गांवर नीलच्या यंत्रांतून निघणारा धातूचा गोळा हेंच काम करीत असे. वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या चामडी पिशवींत तो घालीत, आणि धांवत्या इंजिनावरून हात पुढें करून गाडीवाला तें कडें उचलून घेई. त्या गोळ्याचें नांव टोकन.

या टोकनांत एक हिशेबहि दडलेला आहे. दोन स्थानकांमध्यें १० किलोमीटर अंतर आहे आणि गाडी ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाते असें धरलें, तर तुकडा ओलांडण्यास २० मिनिटें लागतील. टोकनाच्या देवघेवीस आणखी ४ मिनिटें धरावीं. मग दर २४ मिनिटांस एक गाडी, म्हणजे दिवसाच्या १,४४० मिनिटांत दोन्ही दिशा मिळून फार तर ६० गाड्या जातील. एकसष्टावी गाडी कितीहि महत्त्वाची असो, तिला जागा नाहीं. रस्त्याची शक्ति आधीं मोजावयाची आणि त्या मापानें गाड्या सोडावयाच्या, हा धडा लोहमार्गानें जगास दिला.

परंतु गाड्या वेळापत्रकाप्रमाणें येतात. माणसांचे संदेश तसे येत नाहींत. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती आग्नेर क्रारुप एर्लांग यांनीं या अनिश्चिततेचा विचार केला. लोक टेलिफोन केव्हां करतील हें एकेका माणसाविषयीं सांगतां येत नाहीं, पण हजारों माणसांविषयीं संभवाच्या नियमांनीं सांगतां येतें, हें त्यांनीं १९०९ सालीं दाखविलें. त्यांतून रांगेचें शास्त्र जन्मास आलें. त्या शास्त्रांतला एक निष्कर्ष प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एका खिडकीवर एका माणसाचें काम सरासरीनें एका मिनिटांत होतें, आणि माणसें व त्यांचीं कामें दोन्ही अनियमित आहेत, असें समजावें. खिडकी निम्मा वेळच कामांत असेल तर येणाऱ्याचीं सरासरी २ मिनिटें मोडतील. ती दहांत नऊ भाग कामांत असेल तर १० मिनिटें, आणि शंभरांत नव्याण्णव भाग असेल तर १०० मिनिटें. रस्ता भरत आला कीं विलंब असा एकाएकीं उफाळतो. म्हणून गर्दी झाल्यावर उपाय शोधण्यापेक्षां गर्दी होऊं न देणें हेंच शहाणपणाचें ठरतें.

पुडक्यांची कल्पना यानंतर बऱ्याच वर्षांनीं आली. अमेरिकेंत पॉल बॅरन यांनीं १९६४ सालीं आणि इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणें असें सुचविलें, कीं मोठा संदेश तोडून त्याचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येकावर पत्ता घालून तो वेगवेगळा पाठवावा. पॅकेट हें नांव डेव्हिस यांनीं दिलें. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं अमेरिकेंत दोन दूरच्या संगणकांमध्यें या रीतीनें पहिला संदेश गेला. पुडकें वाहिनीवर चढविण्यास किती वेळ लागतो, हा हिशेब सरळ आहे: पुडक्यांतील बिटांची संख्या भागिले वाहिनीचा दर सेकंदाचा वेग. नेहमींचें मोठें पुडकें १,५०० बाइटांचें, म्हणजे १२,००० बिटांचें असतें. सेकंदास १० कोटि बिट वाहून नेणाऱ्या वाहिनीवर तें ०.१२ मिलिसेकंदांत चढतें. सेकंदास ६४ हजार बिटांच्या वाहिनीवर त्याच पुडक्यास १८७.५ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

आरंभीं या नव्या जाळ्यांत रेल्वेसारखें टोकन नव्हतें. ज्याला जेव्हां वाटेल तेव्हां त्यानें पुडकें सोडावें, वाटेंत हरवलें तर पुन्हां सोडावें, अशी रीत होती. तिचें फळ ऑक्टोबर १९८६ मध्यें दिसलें. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचें विद्यापीठ यांच्यांत अंतर सुमारें ४०० यार्डांचें; पण त्यांच्यामधील वाहतूक सेकंदास ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आली. तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रें बिघडलीं नव्हतीं. रांगा भरल्या, पुडकीं हरवलीं, हरवलेलीं पुन्हां पाठविलीं गेलीं आणि त्यामुळें रांगा अधिकच भरल्या. व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यावर उपाय सांगितला. वाहतूक स्थिर झाल्यावर एक जुनें पुडकें जाळ्यांतून बाहेर पडल्याची पोंच आल्यावांचून नवें आंत सोडूं नये, असा त्यांचा मुख्य नियम होता. पोंच परत येणें म्हणजे टोकन यंत्रांत पडणेंच होय. लोहमार्गानें अपघातांतून घेतलेला धडा संगणकांच्या जाळ्यानें आपल्या अपघातांतून पुन्हां घेतला.

हा नियम पाठविणाऱ्यानें स्वतःवर घालून घ्यावयाचा. पण वाटेवरच्या यंत्रानेंहि वाहतुकीला वळण लावावें, हा विचार त्याच सुमारास पुढें आला. १९८६ सालीं जोनाथन टर्नर यांनीं गळक्या बादलीची कल्पना मांडली. गोंदिया जिल्ह्यांतील कोणाहि शेतकऱ्यास ती सांगावी लागणार नाहीं. अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांधचा तलाव परंपरा कोलू पाटील कोहळी यांच्या नांवाशीं जोडते. असे जुने तलाव या भागांत पुष्कळ आहेत. पाऊस धो धो पडतो, पण मोरीतून शेतांत पाणी एका बेतानेंच जातें. तलाव भरून वाहूं लागला तर अधिकचें पाणी सांडव्यावरून निघून जातें. गळक्या बादलीचें तेंच आहे: पुडकीं झुंडीनें आलीं तरी पुढें तीं ठराविक गतीनेंच सुटतात, आणि रांगेंत न मावणारीं टाकून दिलीं जातात.

आतां सुटण्याची वेळ कशी काढतात तें पाहूं. एका ग्राहकास सेकंदास १० लाख बिट एवढा वेग नेमून दिला आहे. त्या वेगानें १२,००० बिटांच्या पुडक्याचा काळ १२ मिलिसेकंद होतो. पहिलें पुडकें शून्य क्षणीं सुटलें तर दुसरें १२ व्या मिलिसेकंदास आणि तिसरें २४ व्या मिलिसेकंदास सुटावयाचें. हें तिसरें ५०० बाइटांचें, म्हणजे ४,००० बिटांचें असेल तर त्याचा काळ ४ मिलिसेकंद. म्हणून चौथें २८ व्या मिलिसेकंदास सुटेल. नियम असा कीं प्रत्येक पुडकें आपल्या लांबीच्या प्रमाणांत पुढच्याची वेळ लांबवितें. मूळ वाहिनी सेकंदास १० कोटि बिटांची असली तर मोठें पुडकें तिच्यावर ०.१२ मिलिसेकंदच राहतें, उरलेले ११.८८ मिलिसेकंद वाहिनी इतरांसाठीं मोकळी असते. वळण लावणें म्हणजे प्रत्यक्ष वेग कमी करणें नव्हे. दोन पुडक्यांच्या मधलें अंतर मोजून ठेवणें होय.

या हिशेबाला एक पोटनियम लागतो. चौथें पुडकें ५० व्या मिलिसेकंदापर्यंत आलेंच नाहीं तर त्याची नेमलेली २८ ही वेळ निघून गेली. तेव्हां 'नेमलेली वेळ' आणि 'आतांची वेळ' यांत जी उशिराची असेल ती धरावयाची. पुडकें ५० व्या मिलिसेकंदास सुटेल आणि पुढचा हिशेब तेथून चालेल. वाया गेलेल्या वेळेची भरपाई नाहीं.

हा पोटनियम पुष्कळांना फार कडक वाटला. जो ग्राहक बराच वेळ गप्प बसला त्याला मागाहून थोडी मोकळीक असावी, म्हणून टोकनांची बादली निघाली. शब्द रेल्वेचाच आहे, अर्थहि पुष्कळसा तोच. येथें मात्र टोकन काळानुसार आपोआप जमा होतें. सेकंदास १० लाख बिट म्हणजे दर मिलिसेकंदास १२५ बाइट. तेवढीं टोकनें बादलींत पडत राहतात, पण बादली ६,००० टोकनांची असेल तर त्यापुढचीं वाहून जातात. रिकामी बादली भरण्यास ४८ मिलिसेकंद लागतात. भरलेली असतां १,५०० बाइटांचीं चार पुडकीं न थांबतां जाऊं शकतात. पांचव्याच्या वेळीं ९०० टोकनें शिल्लक असतील तर ६०० कमी पडतात. ६०० भागिले १२५, म्हणजे ४.८ मिलिसेकंद थांबल्यावर तें सुटेल. कोणत्याहि काळांत एकूण वाहतूक बादलीची मर्यादा अधिक त्या काळांतील जमा, यापलीकडे जाऊं शकत नाहीं. जपून वागणाऱ्यास थोडी पुंजी आणि उधळ्यास लगाम, असा हा व्यवहार आहे.

एका ग्राहकाचा हिशेब असा बसला. अनेक ग्राहक एकाच वाहिनीवर आले म्हणजे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. जो अधिक पुडकीं सोडील त्याला अधिक वाटा मिळणें हा न्याय नव्हे, हें जॉन नेगल यांनीं १९८५ सालीं स्पष्ट केलें आणि प्रत्येकाची रांग निराळी ठेवण्यास सुचविलें. ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनीं १९८९ सालीं त्यास नेमकें गणित दिलें. सर्व रांगांतून एकेक बिट आळीपाळीनें गेला असता तर कोणतें पुडकें आधीं संपलें असतें, हें काढावयाचें आणि त्या क्रमानें अखंड पुडकीं सोडावयाचीं. एकाचीं पुडकीं १,५०० बाइटांचीं आणि दुसऱ्याचीं ३०० बाइटांचीं असतील तर पहिल्याचें पुडकें १,५०० या आकड्यावर संपेल. दुसऱ्याचीं ३००, ६००, ९०० आणि १,२०० या आकड्यांवर. म्हणून दुसऱ्याचीं चार लहान पुडकीं आधीं जातात. बलवानाच्या मोठ्या गाठोड्यामागें दुबळ्याची चिठ्ठी अडून राहत नाहीं.

हें गणित न्यायाचें खरें, पण यंत्रास जड होतें. येथें महाराष्ट्राशीं नातें असलेलें एक नांव येतें. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतून १९८१ सालीं पदवी घेऊन बाहेर पडलेले जॉर्ज व्हर्गीस यांनीं एम. श्रीधर यांच्यासह १९९५ सालीं सोपी रीत दिली. प्रत्येक रांगेस आळीपाळीनें ठराविक रक्कम द्यावयाची, समजा ५०० बाइट. पुढचें पुडकें त्यांत बसत नसेल तर रक्कम खात्यावर शिल्लक ठेवावयाची. १,५०० बाइटांचें पुडकें मग तिसऱ्या फेरींत सुटतें. वाण्याच्या चोपडींत बसेल इतका हा हिशेब साधा आहे.

त्याच व्हर्गीस यांनीं टोनी लॉक यांच्यासह १९८७ सालीं वेळेचें चाक योजिलें होतें. हजारों कामांच्या वेळा क्रमानें लावीत बसण्याऐवजीं एक फिरतें चाक कल्पावयाचें. त्याचा प्रत्येक कप्पा म्हणजे काळाचा एक बारीक तुकडा. काम आपल्या वेळेच्या कप्प्यांत टाकावें; चाक फिरत तो कप्पा समोर आला कीं तें बाहेर काढावें. रहाटगाडग्यांतील प्रत्येक गाडगें आपल्या पाळीनेंच रिकामें होतें, तसें. गूगलच्या अभियंत्यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कॅरोसेल या पद्धतींत प्रत्येक पुडक्यावर सुटण्याची वेळ लिहून तें अशाच चाकांत ठेवलें जातें.

हा इतिहास घरगुती माणसाच्या उपयोगाचा कसा, असें कोणी विचारील. हिंदुस्थानांत इंटरनेट सर्वसामान्यांस १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. आज मोबाइलच्या कित्येक योजनांत दिवसाची मर्यादा संपतांच वेग सेकंदास ६४ हजार बिटांवर आणला जातो. मघांचा हिशेब येथें लागू होतो: एकेका मोठ्या पुडक्यास १८७.५ मिलिसेकंद. बोलण्याचीं पुडकीं साधारणपणें दर २० मिलिसेकंदांस निघतात. एका मोठ्या पुडक्यामागें त्यांपैकीं नऊ अडतात. सालेकसा किंवा देवरी येथील विद्यार्थ्याचा शिक्षकाशीं चाललेला संवाद मध्येंच तुटतो तेव्हां तार बिघडलेलीच असते असें नाहीं. कित्येकदां ती कोणीतरी नेमून दिलेल्या वेगाची भागाकारानें आलेली वेळ असते.

गणित कोणाचा पक्ष घेत नाहीं. वेग नेमणारा माणूस घेऊं शकतो. तारेच्या काळांतहि साधी तार आणि जलद तार असे भेद होते, पण दर उघड होता आणि तो सर्वांस सारखा होता. पुडक्यांच्या जाळ्यांत असा भेद कोणाच्या डोळ्यांस न दिसतां करतां येतो. म्हणून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्यास बंदी केली, आणि जुलै २०१८ मध्यें केंद्र सरकारनें मजकुराविषयीं भेदभाव न करण्याचें तत्त्व मान्य केलें. गर्दी आवरण्यासाठीं वाजवी उपाय करण्यास त्यांत मुभा आहे. बोलण्याच्या पुडक्यास पत्राच्या पुडक्याआधीं सोडणें वाजवी. एका कंपनीचें बोलणें दुसरीच्या बोलण्याआधीं पैसे घेऊन सोडणें वाजवी नव्हे. भेद कोठें संपतो आणि अन्याय कोठें सुरू होतो, हें भागाकारांतून निघत नाहीं. तें नागरिकांनींच पाहावयास हवें.

एकेरी मार्गावर डाकगाडीसाठीं मालगाडी बाजूस थांबत असे. तिचा क्रम मागें जाई. पण टोकनावांचून डाकगाडीहि सुटत नसे, आणि तिनें तुकडा ओलांडल्यावर तोच गोळा पुन्हां यंत्रांत पडून मालगाडीच्या कामीं येई.